फोटोच्या जागेवरून सुरेख, दोन पावलं सरकलं की चिंध्या

एखाद्या वस्तूचे चहूबाजूंनी फोटो काढायचे, ते ‘गॉसियन स्प्लॅटिंग’ या तंत्राला द्यायचे आणि जिथे कॅमेरा कधी उभाच नव्हता अशा कोनातूनही ती वस्तू बघायची, हे आता घरच्या संगणकावर होतं. कल्पना नवी नाही. १९९६ च्या सिग्राफ या संगणक-चित्रांवरच्या परिषदेत ‘लाइट फील्ड’ आणि ‘ल्युमिग्राफ’ असे दोन शोधनिबंध एकदमच आले होते. २०२० मध्ये नर्फ, म्हणजे हेच काम न्यूरल नेटवर्ककडून करून घेणारं तंत्र, आलं, २०२३ मध्ये गॉसियन स्प्लॅटिंग आलं आणि मग हौशी मंडळींची गर्दी झाली. गर्दीबरोबर तक्रारीही आल्या.

माझ्याकडे येणारी तक्रार जवळपास नेहमी एकच असते. वीरगळ असो, घरातली समई असो, वाड्याच्या दारावरची लाकडी गणेशपट्टी असो: ‘ट्रेनिंग नीट झालं, आकडे चांगले आले, पण मॉडेल जरा फिरवलं की सगळं फाटतं.’ सोबत सेटिंगचे दहा-बारा स्क्रीनशॉट. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. दुखणं बहुतेक वेळा फोटोंत असतं, नाहीतर कॅमेऱ्यांच्या जागा काढताना झालेलं असतं. ट्रेनिंगच्या, म्हणजे फोटोंवरून मॉडेल घडवण्याच्या, सेटिंगला हात लावायची पाळी फार क्वचित येते, म्हणून खाली तो भाग मुद्दाम शेवटी ठेवला आहे.

लक्षणं

बिघाडाच्या रूपावरून कारणाचा बऱ्यापैकी अंदाज येतो.

वस्तूच्या आजूबाजूला हवेत धुरकट डाग तरंगतात. यांना फ्लोटर म्हणतात. उजेड किंवा एक्सपोजर फोटोगणिक बदललेलं असतं, किंवा त्या बाजूने फोटोच कमी असतात.

एकच कड दोनदा दिसते. योद्ध्याच्या ढालीच्या शेजारी, अर्ध्या बोटावर, त्याच ढालीची आणखी एक फिकट कड. इथे कॅमेऱ्यांच्या जागा चुकल्या आहेत, दुसरा संशय घेऊ नका.

बाजूने बघितलं की पृष्ठभागातून लांबट सुया बाहेर येतात. त्या बाजूने कुणी फोटो काढलेलाच नाही.

चकचकीत भागात भोक पडल्यासारखं दिसतं, किंवा पितळेच्या आत खोलवर काहीतरी चमकतंय असं वाटतं. हे चकाकीचं काम, सहावी तपासणी बघा.

सगळंच मऊ, कोरलेलं अक्षर वाचता येत नाही. हललेले फोटो, नाहीतर आकाराने लहान झालेले फोटो.

निम्मी वस्तूच गायब, किंवा पुढची आणि मागची बाजू एकमेकींत घुसलेली. जुळणीच फसली आहे.

आधी दोन मिनिटांची चाचणी

काहीही दुरुस्त करण्याआधी व्ह्यूअर, म्हणजे मॉडेल फिरवून बघायचा प्रोग्राम, उघडा आणि मूळ फोटो जिथून काढला होता नेमक्या त्याच कॅमेऱ्यावर जा. नर्फस्टुडिओ या मॉडेल घडवायच्या प्रोग्राममध्ये कॅमेऱ्याच्या चौकटीवर क्लिक केलं की तिथे पोचता येतं, इतर बहुतेक व्ह्यूअरमध्येही अशी सोय असते. आता दोनपैकी एक होईल.

तिथूनही दृश्य धूसर किंवा दुहेरी दिसलं, तर फोटो हललेले आहेत, लेन्सची गफलत आहे किंवा कॅमेऱ्यांच्या जागा चुकल्या आहेत. खालची पहिली, दुसरी आणि पाचवी तपासणी तुमच्यासाठी.

तिथून अगदी फोटोसारखं दिसलं आणि हातभर बाजूला सरकल्यावर फाटलं, तर उजेड बदलत गेला आहे किंवा फोटोंची व्याप्ती कमी पडली आहे. तिसरी आणि चौथी तपासणी करा.

हे असं का होतं ते एकदा समजून घेतलं की पुढची प्रत्येक पायरी आपोआप कळते. गॉसियन म्हणजे अवकाशात ठेवलेला एक मऊ, लांबट, रंगीत ठिपका. असे लाखो ठिपके सरकवून, ताणून, रंगवून संगणक एकच गोष्ट साधायला बघतो: दिलेल्या फोटोंशी चित्र जुळलं पाहिजे. दोन फोटोंच्या मधल्या जागेतून काय दिसतं, हे त्याला कुणी विचारतच नाही. गाईड पाठ करून बसलेल्या विद्यार्थ्यासारखं आहे हे. पुस्तकातला प्रश्न आला तर पैकीच्या पैकी, प्रश्न जरा फिरवला की त त प प. त्याला पाठांतर करता येऊ नये इतके आणि असे फोटो देणं हे आपलं काम.

पहिली तपासणी: हललेले आणि खराब झालेले फोटो

खर्च शून्य. सगळे फोटो शंभर टक्के आकारात उघडून भराभर बघत जा आणि हललेला दिसला की काढून टाका. मायेने ठेवू नका. एक हललेला फोटो दोनदा नुकसान करतो. त्यातले कोपरे-टोकं नीट ओळखता येत नसल्याने त्याची जागा चुकते, आणि मग ट्रेनिंग त्या धूसरपणाशीही इमानदारीने जुळवून घ्यायला जातं. फोटो काढतानाच शटर १/१२५ सेकंद किंवा त्याहून जलद ठेवलं तर ही वेळच येत नाही. देवळाच्या अंधाऱ्या सभामंडपात त्यासाठी आयएसओ वाढवावा लागला तरी वाढवा. दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही.

व्हिडिओतून फोटो काढणाऱ्यांनी प्रत्येक फ्रेम घेऊ नये. दर काही फ्रेममधली सर्वांत स्पष्ट तेवढी निवडा. शेजारच्या दोन फ्रेममध्ये जवळपास काहीच फरक नसतो. त्या वाढवून संगणकाला फक्त घाम फुटतो.

आणि आपल्याकडचा खास रोग. फोटो कुणी काढले, असं विचारलं की उत्तर येतं, ‘मित्र गावाला गेला होता, त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले.’ व्हॉट्सअ‍ॅप फोटो लहान करतं आणि त्यातली एक्झिफ माहितीही काढून टाकतं. एक्झिफमध्ये लेन्सचं नाभीय अंतर (फोकल लेंथ) असतं आणि कोलमॅप, म्हणजे फोटोंवरून कॅमेऱ्यांच्या जागा काढणारा प्रोग्राम, सुरुवातीचा अंदाज त्यावरूनच बांधतो. ती माहिती नसली तर तो फोटोच्या मोठ्या बाजूच्या १.२ पट असा एक ठोकताळा धरून पुढे जातो. कधी निभावतं, कधी नाही. मित्राला सांगा: ‘डॉक्युमेंट म्हणून पाठव, नाहीतर ड्राइव्हवर टाक.’

दुसरी तपासणी: फोनने गुपचूप लेन्स बदलली का

वस्तूच्या जवळ गेलं की हल्लीचे फोन स्वतःच अल्ट्रावाइडवर उडी मारतात आणि त्याला मॅक्रो म्हणतात. आपल्याला पडद्यावर जेमतेम एक हिसका जाणवतो. फोल्डरमध्ये मात्र दोन वेगळ्या कॅमेऱ्यांचे फोटो मिसळलेले असतात, आणि ‘सगळे फोटो एकाच कॅमेऱ्याचे’ ही खूण आपण कोलमॅपमध्ये करून बसलेलो असतो. मग एका लेन्सची वक्रता दुसरीवर लादली जाते आणि कडा दुहेरी होतात. फोटोंचे तपशील उघडून नाभीय अंतर सगळीकडे सारखं आहे का बघा. नसेल तर लेन्सनुसार वेगळे फोल्डर करा आणि प्रत्येक फोल्डरला वेगळा कॅमेरा धरायला सांगा.

पोर्ट्रेट मोड बंद. त्यातला मागचा धूसरपणा खोटा असतो आणि प्रत्येक फोटोत निराळ्या जागी कापलेला असतो. व्हिडिओचं इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलायझेशनही बंद. ते प्रत्येक फ्रेम वेगळी कातरतं.

तिसरी तपासणी: उजेड

फोल्डर लहान चित्रांच्या जाळीत उघडा आणि जरा लांबून बघा. दगड एका ओळीत पिवळट, पुढच्या ओळीत निळसर, मग एकदम फिका असं दिसलं तर फ्लोटरचं मूळ सापडलं. फोन प्रत्येक क्लिकला एक्सपोजर आणि व्हाइट बॅलन्स नव्याने ठरवतो. आकाश चौकटीत आलं की दगड काळवंडतो, आकाश गेलं की उजळतो. संगणकाच्या दृष्टीने दगडाचा रंग तर एकच असायला हवा, मग हा फरक आला कुठून? तो सोपा मार्ग काढतो: त्या फोटोच्या कॅमेऱ्यापुढेच हवेत एक फिकट पडदा टांगतो. त्या जागेवरून हिशोब जुळतो. बाजूने बघितलं की तो पडदाच डाग म्हणून दिसतो.

आणखी एक पळवाट असते. कोनानुसार रंग थोडा बदलायची मुभा प्रत्येक ठिपक्याला दिलेली असते, कारण खऱ्या वस्तूही बाजू बदलली की जराशा वेगळ्या दिसतात. एक्सपोजरचा फरक या मुभेत मुरवला जातो आणि मग नव्या कोनातून तोच दगड अचानक हिरवट किंवा जांभळट दिसतो.

उपाय फोटो काढतानाच करायचा. आयफोनवर बोट दाबून ठेवलं की एक्सपोजर आणि फोकस अडकतं. अँड्रॉइडवर प्रो मोडमध्ये आयएसओ, शटर, व्हाइट बॅलन्स तिन्ही हाताने ठरवा. फोटो आधीच काढून झाले असतील तर मूळ गॉसियन स्प्लॅटिंगच्या कोडमध्ये पुढे आलेला एक्सपोजर भरपाईचा पर्याय किंवा नर्फस्टुडिओतला, हेच काम करणारा, बायलॅटरल ग्रिड वापरून बघा, बराच फरक पडतो. एकेक फोटो उघडून ‘ऑटो’ बटण मात्र दाबू नका. सगळ्यांना एकच बदल द्या, नाहीतर काहीच नको.

उघड्यावरच्या दगडाला सूर्य हा दुसरा त्रास. गावाच्या पारावर पिंपळाखाली वीरगळ असला की पानांच्या सावल्या दर मिनिटाला हलतात, आणि दुपार कलल्यावर फोटो काढणाऱ्याची स्वतःची सावली कोरीव कामावर पडते ती वेगळीच. सर्वांत चांगला दिवस म्हणजे ढगाळ आणि कोरडा. पावसाळ्यातली उघडीप उत्तम. पण दगड पूर्ण वाळलेला हवा, कारण ओला दगड गडद होतो, चमकतो आणि वाळता वाळता पाऊण तासात रंग बदलतो. ऊनच असेल तर सूर्य वर येण्याआधी उरका.

चौकटीत येणारी पोरं आणि कुत्री यांना मास्क लावून वगळता येतं. त्याहून सोपं म्हणजे पोरांना आधी फोनवर मॉडेल फिरवून दाखवायचं. मग तीच इतरांना बाजूला ठेवतात.

चौथी तपासणी: फोटो पुरेसे आहेत की नुसतेच पुष्कळ आहेत

‘तीनशे फोटो काढलेत’ हे उत्तर पुरत नाही. व्ह्यूअरमध्ये कॅमेऱ्यांच्या चौकटी दाखवायला सांगा आणि वरून बघा. तीनशेपैकी दोनशे फोटो समोरच्या एकाच जागेत दाटलेले आणि डाव्या बाजूला मोठं खिंडार, असं चित्र नेहमी दिसतं. खिंडाराच्या बाजूनेच मॉडेल फाटत असेल तर पुढचं वाचायची गरज नाही, पुन्हा जाऊन फोटो काढा.

माझा साधा नियम असा: वस्तूभोवती तीन फेऱ्या, एक गुडघ्याच्या उंचीवर, एक छातीच्या, एक डोक्यावर हात करून. प्रत्येक फेरीत १०-१५ अंशांना एक फोटो, म्हणजे फेरीला २४ ते ३६. शेजारच्या दोन फोटोंत निदान ६०-७० टक्के भाग सामाईक हवा. कोलमॅप प्रत्येक फोटोतले ठळक बिंदू शोधून त्यांच्या जोड्या लावतो, आणि कोन साधारण ३० अंशांच्या पलीकडे बदलला की तोच बिंदू त्याला ओळखू येईनासा होतो.

जागेवर उभं राहून फोन फिरवणं म्हणजे फोटो नव्हेत. कॅमेरा सरकलाच नाही तर जवळचं काय आणि लांबचं काय हे कळायला मार्ग नाही. पाय हलले पाहिजेत.

बारकाव्यासाठी जवळ जायचं असेल तर टप्प्याटप्प्याने जा. तीन मीटरवरून थेट वीतभर अंतरावर उडी मारलीत तर जवळचे फोटो बाकीच्यांशी जोडलेच जात नाहीत. मधल्या अंतरावरचे चार-सहा फोटो शिडीचं काम करतात.

वीरगळाची गंमत वेगळी आहे. खालच्या चौकटीत लढाई आणि वीराचं मरण, मधल्या चौकटीत त्याला स्वर्गाला नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा, माथ्यावर कलश आणि चंद्र-सूर्य. समोरून सपाट वाटतं, पण घोड्याचे पाय आणि तलवार धरलेले हात चांगले उठावदार असतात आणि त्यांच्या मागच्या खाचा समोरून दिसतच नाहीत. त्या खाचांतच सुया उगवतात. तेव्हा दगडाच्या अगदी कडेला जाऊन, पृष्ठभागाला जवळपास समांतर नजर ठेवून, डावीकडून आणि उजवीकडून फोटो हवेतच. आणि जमिनीवर बसून खालून वरही. दगड भिंतीला टेकवलेला असेल तर पाठ मिळणार नाही. ती नाही हे मान्य करा आणि मॉडेल तिथे कापा.

रिकाम्या जागा अंदाजाने भरून देणारी एआय साधनं आता मिळतात. जाहिरातीसाठी खुशाल वापरा. वारशाच्या नोंदीसाठी अजिबात नको: तुटलेल्या हातात काय होतं हे कुणालाच माहीत नसताना मॉडेलमध्ये तलवार उगवलेली मी बघितली आहे, आणि बघणाऱ्याला ती खरीच वाटली होती.

पाचवी तपासणी: कॅमेऱ्यांच्या जागा

इथून काम जरा चिवट होतं, पण पैसे अजून लागलेले नाहीत. कोलमॅपचा निकाल उघडून तीन गोष्टी बघा.

एक, किती फोटो जोडले गेले. दीडशेपैकी नव्वदच जोडले असतील तर उरलेले साठ कुठले ते बघा. बहुतेक वेळा ते एकाच बाजूचे किंवा एकाच लेन्सचे निघतात आणि दुखणं तिथेच कळतं.

दोन, निकालाच्या फोल्डरमध्ये एकाहून जास्त मॉडेल आहेत का. फोटोंची साखळी मध्ये तुटली तर कोलमॅप तुकडे करतो आणि त्यांना शून्य, एक, दोन असे क्रमांक देतो. पुढचे बरेच प्रोग्राम डोळे झाकून शून्य क्रमांकाचं फोल्डर उचलतात, आणि तोच सर्वांत मोठा तुकडा असतो असं नाही. ‘निम्मी वस्तू गायब’ या तक्रारीचं उत्तर पुष्कळदा शेजारच्या फोल्डरमध्ये धडधाकट बसलेलं असतं.

तीन, सरासरी पुनर्प्रक्षेपण त्रुटी, म्हणजे काढलेल्या जागांवरून बिंदू फोटोत जिथे पडायला हवा आणि जिथे खरंच दिसतो यांतलं अंतर. ती एका पिक्सेलच्या आत हवी. वर गेली असेल तर लेन्सची गफलत किंवा चुकीच्या जोड्या. पण केवळ हा आकडा चांगला आला म्हणून निर्धास्त होऊ नका. चुकीच्या ठिकाणी नीट जुळलेले फोटोही सुंदर आकडा देतात.

म्हणून मी आकड्याआधी कोलमॅपने अवकाशात बसवलेल्या बिंदूंचा विरळ ढग वरून बघतो. सपाट दगड वरून एकाच रेषेत दिसला पाहिजे. बारकाईने बघितल्यावर दोन समांतर रेषा दिसल्या, मधे जरासं अंतर, की दुहेरी कडेचा उगम सापडला. फेरीचा शेवटचा फोटो पहिल्याशी जोडला गेला नाही की असं होतं. चुका थोड्या थोड्या साचत जातात आणि फेरी पुरी होईपर्यंत दगड बोटभर सरकलेला असतो. पहिल्या जागेवर परत येऊन पुढेही चार-पाच फोटो काढत राहिलं की साखळी मिटते. जोड्या लावताना फोटो दोन-तीनशेच्या आत असतील तर प्रत्येकाची प्रत्येकाशी तुलना करायला लावा. १५० फोटोंच्या ११,१७५ जोड्या होतात, संगणकाला ते झेपतं. ६०० फोटोंच्या १,७९,७०० होतात. तिथे व्हिडिओ असेल तर क्रमवार जुळणी, म्हणजे फक्त आसपासच्या फ्रेमशी तुलना, आणि सोबत लूप, म्हणजे फेरी पुन्हा पहिल्या जागी आली का हे, शोधायचा पर्याय बरा.

समईचं दुखणं याहून वेगळं. ती सगळीकडून सारखीच दिसते. डावीकडून काढलेला फोटो आणि मागून काढलेला फोटो यांत कोलमॅपला फरक कळत नाही आणि पूर्ण फेरी तो अर्ध्यात गुंडाळतो. ज्यात एकच आकृती ओळीने येते अशा कोरीव कामातही हाच धोका असतो. बोरिवलीजवळ एकसरला नौकायुद्धाचे वीरगळ आहेत, त्यांवरच्या वल्ह्यांच्या रांगा या जातीच्या. उपाय दोन रुपयांचा: समईखाली वर्तमानपत्राची पानं पसरा, वेगवेगळी, वाकडीतिकडी. छापील मजकूर आणि जाहिराती यांत इतके वेगवेगळे कोपरे असतात की फोटोंच्या जागा त्यांच्यावरूनच पक्क्या होतात. पानं टेबलाला चिकटवा, पंखा बंद करा. शेवटी मॉडेलमधून कागद कापून टाकता येतो.

केक सजवायच्या फिरत्या टेबलावर वस्तू ठेवून फोटो काढणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं: वस्तू फिरते, मागची भिंत फिरत नाही. कोलमॅप भिंतीवरचे बिंदू धरून बसला तर कॅमेरा हललाच नाही असा निष्कर्ष काढतो. पार्श्वभूमी कोरी ठेवा किंवा मास्क लावा. वर्तमानपत्र टेबलाबरोबर फिरलं पाहिजे.

सहावी तपासणी: चमक

चकाकीचा ठिपका वस्तूवर चिकटलेला नसतो, आपण सरकलो की तोही सरकतो. संगणकाला मात्र सगळं अवकाशात कुठेतरी ठेवावंच लागतं, म्हणून तो ती चकाकी पितळेच्या पाठीमागे, आत खोलवर नेऊन ठेवतो. आरशात आपण आरशाच्या मागे दिसतो, त्यातलाच हा प्रकार. त्यासाठी पृष्ठभाग अर्धवट पारदर्शक केला जातो आणि नव्या कोनातून तिथे भोक दिसतं. रंग बदलायची ती मुभा हळूहळू बदलणाऱ्या रंगापुरती पुरते, टोकदार चकाकीला अपुरी पडते.

स्वस्त उपाय आधी. उघडा बल्ब आणि फ्लॅश बंद. खिडकीवर पांढरी चादर किंवा बटर पेपर लावून उजेड पसरवा. मोठ्या, मवाळ उजेडात चकाकीचा टोकदार ठिपका पसरून फिका होतो. फोटोसाठी समई चिंच लावून घासू नका. मळकट समईचं मॉडेल चांगलं येतं, आणि वस्तू जुनी असेल तर तिच्यावरचा काळाचा थर एकदा गेला की परत येत नाही.

शेंदराचं प्रकरण मधलं आहे. तेलात कालवलेल्या शेंदराचे थरावर थर बसलेले, त्यामुळे पृष्ठभाग एकरंगी, ठळक बिंदू नाहीत आणि वर तेलाची चमक. इथे क्रॉस पोलरायझेशन खरंच कामाला येतं. दिव्यावर पोलरायझर फिल्म आणि लेन्सवर पोलरायझर, दोन्ही एकमेकांशी ९० अंशांत. वरच्या थरावरून उसळलेली चकाकी आपली दिशा टिकवून ठेवते म्हणून लेन्सपाशी अडते. आत जाऊन रंग घेऊन आलेला प्रकाश विस्कटलेला असतो म्हणून पार होतो. उन्हात मात्र हे जमत नाही, दिव्याचा उजेड सूर्याहून वरचढ पाहिजे, म्हणजे संध्याकाळनंतर. उघड्या पितळेवर हा उपाय करू नका: धातूवरून येणारा जवळपास सगळा प्रकाश चकाकीच असतो, ती अडवली की समई काळीठिक्कर दिसते.

सातवी तपासणी: आता सेटिंग

गॉसियन स्प्लॅटिंगचा मूळ कोड १६०० पिक्सेलहून रुंद फोटो आपणहून लहान करतो. अक्षरं वाचायची असतील तर पूर्ण आकार वापरायला सांगा. पण ग्राफिक्स कार्डची मेमरी बघून. मूळ लेखकांनी त्यांच्या निकालांइतक्या दर्जासाठी २४ जीबी सुचवली आहे, त्याहून कमी असेल तर मधला आकार घ्या. ट्रेनिंगच्या ७,००० फेऱ्यांवर थांबला असाल तर ३०,००० होऊ द्या.

मूल्यमापनाचा पर्याय चालू केला की दर आठवा फोटो ट्रेनिंगपासून लपवून ठेवला जातो. ट्रेनिंगच्या फोटोंवर आकडा झकास आणि लपवलेल्यांवर पडलेला, असं असेल तर पाठांतर झालं आहे. चौथ्या तपासणीकडे परत जा, ट्रेनिंगच्या फेऱ्या वाढवून उपयोग नाही.

वस्तूपासून लांब तरंगणारे डाग सुपरस्प्लॅट या स्प्लॅट संपादित करायच्या प्रोग्राममध्ये निवडून पुसता येतात. पृष्ठभागाला चिकटलेले पुसायला गेलात तर पृष्ठभागही जातो.

कुठे थांबायचं

शेंदराचे पापुद्रे सुटत असतील, जुन्या लाकडावरचा रंग झडत असेल, दगडाला हात लावल्यावर वाळू सुटत असेल, तर फोटो दुरूनच काढा आणि पुरावस्तूंच्या संवर्धकाला बोलवा. शेंदूर खरवडून ‘खालचं कोरीव काम काढू’ असं कुणी सुचवलं तर ठाम नाही म्हणा. तो गावाचा देव आहे. चमक घालवायचे स्प्रेही जुन्या वस्तूवर आपल्या मनाने मारायचे नाहीत, ‘उडून जाणारे’ म्हणून विकले जात असले तरी.

स्मारक संरक्षित असेल तर ट्रायपॉड आणि दिवे लावण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण किंवा राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या स्थानिक कार्यालयात विचारा. शिखरावरची शिल्पं हवी असतील तर शिडी नको, परवाना असलेला ड्रोनचालक बघा.

भेग वाढते आहे का हे मोजायचं असेल, किंवा मॉडेलवरून प्रतिकृती घडवायची असेल, तर गॉसियन स्प्लॅट हे त्याचं साधनच नाही. ठिपके दिसण्यापुरते जुळवलेले असतात, पृष्ठभाग नेमका कुठे आहे हे ते सांगत नाहीत. मापपट्ट्या ठेवून फोटोग्रामेट्री करणारा किंवा स्कॅनर असलेला सर्व्हेअर लागतो. काच, आरसा, नव्याने पॉलिश केलेली चांदी यांसाठीही साधनं असलेला स्टुडिओ गाठा.

आणि वरचं सगळं पाळून नव्याने फोटो काढल्यावरही तोच बिघाड आला, तर घरी आणखी रात्री जाळू नका, काम जाणकाराकडे द्या. देताना मूळ फोटो न कातरता, कोलमॅपचं पूर्ण फोल्डर, बिंदूंच्या ढगाचं वरून घेतलेलं एक चित्र आणि वस्तूची फूटपट्टीने मोजलेली एक लांबी एवढं द्या. नुसती ट्रेन झालेली स्प्लॅटची फाइल पाठवली तर तिच्यावरून फारसं काही सांगता येत नाही.